९१ दिवसांची रोजकीर्द : गाडीनं फिरताना महिन्याचं बजेट फाटतं कुठं?

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं लेथचं शॉप भाच्याच्या हवाली केलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही दोघं नवराबायको गाडी घेऊन बाहेर पडलो. जाताना आजऱ्यावरून आंबोली, गोवा, गोकर्ण, उडुपी, धर्मस्थळ, वायनाड, मुन्नार, कन्याकुमारी. येताना रामेश्वर, मदुराई, तंजावर, पुदुच्चेरी, तिरुपती, हंपी, बदामी. ९१ दिवस, ६,८०० किलोमीटर. फोटो टाकत नाही, ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून शिव्या खाऊन झाल्यात. पण भेटेल तो एकच विचारतो, "खर्च किती आला?" त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडं घरचं. आमचे वडील शाहूपुरीत गुळाच्या आडतीवर दिवाणजी होते. रोज रात्री दुकान बंद झालं की कीर्द (रोजचा जमाखर्च) लिहायची, डावीकडं जमा, उजवीकडं नावे म्हणजे खर्च, आणि गल्ल्यातल्या रोकडीशी मेळ लागल्याशिवाय घरी यायचं नाही. चार आण्यासाठी जेवण गार झालेलं मी पाहिलंय. मी त्यांच्यासारखा नाही, पण निघताना बाजारातनं एक लांबडी लाल वही आणली. पहिल्या पानावर 'श्री', खाली श्रीशिल्लक ६०,०००. महिन्याला साठ, म्हणजे दिवसाला दोन हजार. दोन माणसांना बक्कळ झाले, असा आमचा अंदाज.

बाविसाव्या दिवशी मुन्नारला लॉजवर बसून बेरीज मारली तर पैसे संपले होते. महिना संपायला आठ दिवस.

पहिल्या महिन्याची खतावणी अशी : पेट्रोल २१,०००. मुक्काम ३१,९००. पोट १६,५००. टोल ३,००० (वार्षिक पास काढला, ते खाली येईल). तिकिटं, पार्किंग, होडी, औषधं, धुणं आणि इतर ७,८००. एकूण ८०,२००. साठाच्या ठिकाणी ऐंशी.

आता दुसरा महिना बघा. पेट्रोल ९,१५०, मुक्काम २०,४००, पोट ११,३००, इतर ६,१००. एकूण ४६,९५०. माणसं तीच, गाडी तीच. शहाणपण आलं म्हणून खर्च कमी झाला असं सांगायला आवडलं असतं, पण तसं काही नाही. डिसेंबरात तमिळनाडूत पाऊस असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मदुराईत पावसानं आणि हिच्या गुडघ्यानं मिळून आम्हाला नऊ दिवस बसवून ठेवलं. मग तंजावरला दहा दिवस काढले, ते मात्र आपखुशीनं. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा मराठी शिलालेख आहे, १८०३ सालचा. तीन दिवस तिथं डोकं वर करून वाचत होतो. मान दुखली, तिकीट काही नाही.

तिथंच वही उलटी वाचायला घेतली. दर दिवसापुढं 'चा' किंवा 'बै' लिहिलं. ज्या दिवशी बोचकी बांधून गाव सोडलं तो चालता दिवस, राहिलो तिथंच राहिलो तो बैठा. पहिल्या महिन्यात १९ चालते आणि ११ बैठे. दुसऱ्यात ७ चालते आणि २३ बैठे. चालता दिवस साधारण साडेतीन हजाराला पडतो : पावणेदोनशे किलोमीटरचं पेट्रोल, एका रात्रीचा लॉज (एका रात्रीला कोण भाव कमी करतंय?), तीन वेळचं बाहेरचं खाणं आणि पोचल्यापोचल्या दमल्या अंगानं केलेली उधळपट्टी. बैठा दिवस हजार-बाराशेत जातो.

म्हणजे 'दिवसाला दोन हजार' हा आकडाच खोटा होता. असा एकही दिवस आला नाही की ज्याला दोन हजार लागले. तेव्हापासून आम्ही महिन्याचं बजेट रुपयांत ठरवणं सोडलं. महिन्यात चालते दिवस किती, एवढंच ठरवतो. तिसऱ्या महिन्यात अकरा ठरवले आणि अकराच केले. खर्च ६६,००० आला, त्यात गाडीचे ८,९०० आहेत. ती वेगळीच कथा.

तीन महिने मिळून १,९३,१५०. ठरवले होते १,८०,०००. दुसऱ्या महिन्यात ४५० रुपयांचा मेळ शेवटपर्यंत लागला नाही. वडील असते तर अजून मदुराईतच बसवलं असतं.

तुम्ही कसा हिशेब ठेवता? महिनोन् महिने फिरलेल्यांनी जरूर लिहा.

पंचगंगा_घाट

काका, नाद खुळा! चा आन् बै लई आवडलं. आमी गोव्याला तीन दिवस जातो, तिथं सगळेच दिवस 'चा' आन् रात्री येगळाच हिशेब. पर त्यो टोल पासचा इषय इस्कटून सांगा की. तीन हजार परत निघालं का?

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

@पंचगंगा_घाट, सांगतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी कार-जीप-व्हॅनसाठी फास्टॅगवर वार्षिक पास निघालाय, सुरुवातीला ३,००० रुपयांना. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. साध्या नाक्यावर एकदा पार झालं की एक फेरी. राजमार्गयात्रा ॲपवरून चालू होतो. फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवे. राज्याच्या रस्त्यांवर चालत नाही, म्हणजे मुंबई-पुणे एक्सप्रेसवे किंवा समृद्धीवर फास्टॅगमधून नेहमीसारखेच पैसे जाणार. म्हणून पास असला तरी टॅगमध्ये पाचेकशे ठेवायचे.

आमच्या ९१ दिवसांत पासवर ४३ फेऱ्या झाल्या, म्हणजे फेरीला सत्तर रुपयांच्या आत पडलं. घरी आल्यावर पास अजून शिल्लकच आहे. वर्षातनं दोनदा पुण्याला जाणाऱ्यानं मात्र आधी गणित करावं.

वहीच्या दृष्टीनं एक घोळ झाला. पासचे तीन हजार मी सगळे पहिल्या महिन्यावर टाकले. ते बारा महिन्यांवर वाटायला हवे होते.

निपाणी_सीमेवर

पेट्रोलचं मी बोलतो, कारण आमची आख्खी गल्ली त्यावर जगते. पेट्रोल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा कर वेगळा, म्हणून नदी ओलांडली की भाव बदलतो. कोल्हापूरची माणसं कागलच्या पुढं येऊन कर्नाटकात टाकी फुल करतात ते काय हौसेनं नव्हे. गोव्यात आणखी स्वस्त. तुम्ही कन्नूरवरून कोझिकोडला गेला असाल तर मध्ये माहे लागलं असेल. ते केरळात असून केरळचं नाही, पुदुच्चेरीचं आहे. लिटरमागं दहाएक रुपयांचा फरक पडतो. पंपावरची रांग बघूनच कळतं. तिथं भरलं का?

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

भाऊ, जखमेवर मीठ! माहेच्या वीस किलोमीटर अलीकडं मी टाकी फुल केली. दोन किलोमीटरची रांग दिसली तेव्हा वाटलं अपघात झालाय.

पण भावापेक्षा मला ॲव्हरेजनं जास्त शिकवलं. अगदी सुरुवातीला मी 'हजाराचं टाक' म्हणत होतो. हजाराचं टाकून गाडी किती देते हे कधीच कळत नाही. मग टाकी काठोकाठ, मीटरचा आकडा वहीत. पुढच्या वेळी परत काठोकाठ, मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. उडुपीपर्यंत किनाऱ्यानं गाडी १८ देत होती. वायनाड-मुन्नारच्या घाटात १३ वर आली. घाटातला चालता दिवस सपाटीपेक्षा चाळीसेक टक्के जास्त पेट्रोल पितो, हे आधी कळलं असतं तर एक घाट गाळला असता. (बायको म्हणते, गाळला नसता.)

खाते_निवृत्त

बँकेत ३४ वर्षं काढली, त्यामुळे राहवत नाही. साहेब, तुमची कीर्द चोख आहे, पण गाडीचे ८,९०० तुम्ही 'वेगळी कथा' म्हणून बाजूला काढलेत, ते मला पटलं नाही. ती कथा पहिल्याच किलोमीटरला सुरू झाली होती. दहा हजार किलोमीटरची सर्व्हिस, ब्रेक पॅड, टायर, ही सगळी झीज. चार टायर बावीस-चोवीस हजाराला पडतात आणि चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालतात, म्हणजे टायरचेच किलोमीटरला पन्नास पैसे. सर्व्हिस, ऑइल, बॅटरी, विमा धरून मी किलोमीटरला दोन रुपये 'घसारा' म्हणून रोज वेगळे काढतो. माझ्या मोबाईलवर त्यासाठी वेगळं बचत खातं जोडलेलं आहे. तुमच्या ६,८०० किलोमीटरला १३,६०० होतात. गंमत बघा, तुमचा एकूण फरक १३,१५० चा आहे.

दुसरं, छोट्या खर्चाला यूपीआय लाइट वापरत असाल तर सांभाळा. त्यात पैसे भरले की पासबुकात एकच नोंद दिसते, पुढचे चहा-नारळपाणी दिसत नाहीत. ते ॲपमध्येच शोधावे लागतात. तुमचे ४५० तिथं असण्याची शक्यता आहे.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

@खाते_निवृत्त, कान पकडले. ब्रेकचा आवाज पुदुच्चेरीपासून येत होता आणि मी रेडिओ मोठा करत होतो. पुढच्या खेपेला घसारा रोजच्या रोज नावे टाकणार.

लाइटमध्ये बघितलं. मदुराईत १४ चहा, ३ वेळा चपला ठेवण्याचे पैसे आणि एक छत्री. ४५० नाहीत.

डोंगरवाट_दोघे

आम्ही दोघं घरून काम करतो आणि वर्षातले चार-पाच महिने गाडीतच असतो. वही नाही, दोघांच्या फोनवर एकच शीट. पैसे दिले की तिथंच उभ्याउभ्या नोंद. रात्रीपर्यंत थांबलं की विसरतं, आणि विसरलेलं सगळं नेमकं महागडं असतं.

महिना हे मापच आम्ही सोडलं. आठवडा धरतो, रविवार ते शनिवार. महिना बिघडला हे विसाव्या तारखेला कळतं, आठवडा बिघडला हे बुधवारीच कळतं. उरलेले दिवस मग आपोआप तुमचे 'बै' होतात.

मुक्कामाबद्दल : सात रात्री म्हटलं की भाव बोलता येतो, पण ॲपवर नाही. पहिली रात्र ॲपवरून, मग खाली काउंटरवर. एक लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारापर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झालाय, आधी १२ होता. आम्हाला दोन ठिकाणी जुन्या टक्क्यानं बिल लावलं होतं. दाखवल्यावर बदलून दिलं.

काका, एक विचारायचंय. घर बंद असतानाचा खर्च कुठं लिहिता? आमचं घरभाडं चालूच असतं आणि ते शीटमध्ये टाकलं की फिरण्याची मजा जाते.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

तो प्रवासात धरत नाही. घरी असतो तरी तो होताच. उलट दूध, पेपर, गॅस बंद राहतो, तो फायदाही धरत नाही. फिटंफाट.

वहीबद्दल तुमचं बरोबर आहे, रात्री विसरतं. पण वहीचा एक गुण तुमच्या शीटला नाही : दोघं शेजारी बसून लिहितो. उडुपीच्या मठात आणि धर्मस्थळाला पंगतीत जेवलो. जेवण फुकट, पण दानपेटीत टाकले ते पैसे 'पोट' खाती की 'देव' खाती, यावर आमचं दोन दिवस वाजलं. शेवटी निम्मे-निम्मे.

'किरकोळ' खात्याबद्दल वडिलांचा नियम : एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर गेलं की ते किरकोळ राहत नाही, त्याला नाव द्यायचं. पहिल्या महिन्यात आमचं 'इतर' जवळजवळ तिथंच पोचलं होतं. फोडून बघितलं तर त्यात निम्मं पार्किंग आणि धुणं निघालं.

मीठभाकर

बायकांकडून कुणी लिहिलंच नाही म्हणून मी लिहिते. पोटाचे १६,५०० चे ११,३०० कसे झाले ते काकांनी एका शब्दानं सांगितलं नाही. नऊ दिवस मदुराईत काकूंनी शिजवलं असणार, हो की नाही?

आम्ही गाडीत ठेवतो ते : छोटा कुकर, इंडक्शन, एक पातेलं, सुरी, मिठाचा डबा आणि घरची चटणी. चटणी म्हणजे कांदा-लसणाची, कोल्हापूरबाहेरच्यांनी वाटीतली समजू नये. सव्वा किलो चटणीत दोन माणसांचे तीन महिने निघतात. कुठलीही भाजी आपलीच लागते. आठव्या-नवव्या दिवशी डोसा नको होतो तेव्हा मुगाच्या खिचडीची किंमत कळते. लॉजवाल्याला आधी विचारायचं, चोरून लावायचं नाही. काही जण विजेचे दिवसाला पन्नास मागतात, ते द्यावेत. गॅसची टाकी मात्र गाडीत घेऊन फिरू नका, उन्हात बंद गाडीत जीव टांगणीला लागतो.

मुसळधार

जुलै २०२१. आम्ही दोघे आणि आई, पुण्याहून परत येत होतो. पुराचं पाणी शिरोलीला महामार्गावर आलं आणि रस्ता बंद. घर तीस किलोमीटरवर आणि आम्ही महामार्गाच्या कडेला. २०१९ ला हेच झालं होतं, तरी आम्ही शिकलो नव्हतो. खोली मिळाली ती मागतील त्या भावानं. रोख दोन हजार होते. पहिल्या दिवशी वीज गेली, मग नेटवर्क गेलं, की यूपीआय संपलं. एका ट्रकवाल्यानं आम्हाला भात दिला. आईच्या बीपीच्या गोळ्या दोनच उरल्या होत्या.

तेव्हापासून 'अडकलो तर' असं एक पाकीट डॅशबोर्डात. दहा हजार रोख, पाच दिवसांची औषधं. ते कुठल्याच महिन्याच्या बजेटात मोजत नाही.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

@मुसळधार, तेव्हा आम्ही घरात, दुसऱ्या मजल्यावर होतो. जास्त लिहीत नाही. आमच्या वहीत त्याला 'अनामत' म्हणतात. आम्ही पाच हजार ठेवले होते, दहा करतो.

@मीठभाकर, बरोबर ओळखलंत. आणि मी भांडी घासली, तेही नोंदवा.

बुलेट_पण_जुनी

राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, एवढंच सांगायला आलो होतो. बाकी कंबरेचा घसारा खाते_निवृत्त साहेबांनी सांगावा.

हौसेला_मोल_नाही

सगळं वाचलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुन्नारला जाऊन बेरजा मारायच्या तर शाहूपुरीत काय वाईट होतं? फिरायला गेलात की तपासणीला? आम्ही कार्ड घासतो आणि घरी येऊन बघतो.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

राग नाही. तुमच्या पद्धतीनं आम्ही २०१८ ला राजस्थानला गेलो होतो. एकवीस दिवस ठरवले होते, चौदाव्या दिवशी परत आलो. जैसलमेर राहिलं ते राहिलंच. आता लिहायला रात्री दहा मिनिटं लागतात, आणि त्या दहा मिनिटांत दिवसभरात काय काय बघितलं ते परत एकदा डोळ्यांपुढून जातं. पान २३ वर 'नारळपाणी ८०, आजी' असं लिहिलंय. बाकी सगळं विसरलो असतो, ती आजी विसरलो नाही.

पंचगंगा_घाट

काका, पुढची खेप कुटं? आन् किती चा?

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

दिवाळीनंतर गुजरात, मग जैसलमेर. महिन्याला दहा चा, वीस बै. किलोमीटरला दोन रुपये घसारा, दहा हजार अनामत. घाट नाहीत, त्यामुळे ॲव्हरेज १७ धरलंय.

उद्यमनगरची_सून

मी इथं फक्त वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितो. अहो, चार महिने झाले त्या ४५० चं पुराण ऐकतोय. मदुराईत तुम्ही दुपारी झोपला होता, पाऊस थांबला म्हणून मी एकटीच बाजारात गेलो होतो. लॉजवरच्या उशा विटेसारख्या होत्या. दोन घेतल्या, दोनशे पंचवीसला एक, माझ्या पर्समधले रोख दिले. त्या रात्रीपासून तुम्ही त्या निळ्या उशीवर झोपताय. घरी आल्यावरही तीच लागते. ती आली कुठून, असं एकदाही विचारलं नाही.

आणि भांडी तीनदाच घासली.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

पान ४१ वर नोंद केली. मदुराई, उशा २, नावे ४५०. मेळ लागला. खातं कुठलं लावायचं ते मात्र आज रात्री दोघांनी बसून ठरवू.